पत्रा, हौदा आणि चालकाचे गुडघे

भोसरी-मोशीकडच्या जुन्या गाड्यांच्या आवारात पिकअप बघायला आलेला माणूस आधी इंजिन चालू करत नाही. तो बोनेटवर बोटांची पेरं आपटतो, मग दरवाजावर, मग हौद्याच्या बाजूला. आवाज भरीव आला तर मान डोलते. पत्रा टणटणला की चेहरा पडतो आणि तिथून भाव पाडायला सुरुवात होते. ‘पूर्वी अठरा गेजचा पत्रा असायचा भाऊ, आता अंगठ्यानं दाबला तरी आत जातो,’ हे वाक्य त्या आवारात रोज कानावर पडतं.

माझ्या वडिलांनी गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पंचवीस वर्षं टेम्पो चालवला. आज आमच्या घरच्या दोन पिकअप आहेत, एक भाजीपाल्याला आणि एक मासळीला. त्यामुळे पत्र्याची ही तक्रार मला परकी नाही, मीही ती कितीदा केली आहे. तिच्यातला एक भाग अगदी खरा आहे आणि त्याबद्दल कंपन्यांना जाब विचारलाच पाहिजे. दुसरा भाग मात्र घातक आहे. जाड पत्रा म्हणजे मजबूत गाडी आणि मजबूत गाडी म्हणजे चालकाचा जीव सुरक्षित, असा हिशेब आपण मनाशी पक्का करून ठेवला आहे. हा हिशेब चुकतो. आणि तो चुकतो म्हणूनच जी मागणी आपण मोठ्यानं करायला हवी, ती आपल्या तोंडून निघतच नाही.

आधी पत्र्याचंच बघू. गेजचा आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होतो, हे कुठल्याही डेंटरला सांगावं लागत नाही. अठरा गेज म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर, वीस गेज ०.९, बावीस गेज ०.७. आजच्या बहुतेक गाड्यांचा बाहेरचा पत्रा या बावीस गेजच्या आसपास असतो. अंगठ्यानं दाबल्यावर पत्रा आत जाऊन पुन्हा बाहेर येतो, तेव्हा आपण त्याचा ताठपणा तपासत असतो. हा ताठपणा जाडीवर आणि पत्र्याला दिलेल्या आकारावर ठरतो. पोलाद साधं असो की उच्च ताकदीचं, त्यानं ताठपणात फरक पडत नाही. पोचा पडणं ही वेगळी गोष्ट आहे. दगड उडून लागला किंवा क्रेटचा कोपरा आपटला, तर पत्रा कायमचा वाकणार की सावरून घेणार हे जाडीइतकंच पोलादाच्या ताकदीवर ठरतं. बाहेरच्या पत्र्यासाठी तर असंही पोलाद वापरतात, जे कारखान्यातल्या रंगाच्या भट्टीत १७० ते १८० अंशांत वीसेक मिनिटं भाजून निघालं की आणखी कठीण होतं. म्हणजे एखादा पातळ पत्रा अंगठ्याखाली दबेल आणि तरीही उडालेल्या दगडाला जुन्या जाड पत्र्याइतकाच पुरून उरेल. अंगठ्याच्या परीक्षेत हे कळायला मार्ग नाही.

शिवाय पिकअपची बांधणीच अशी की खाली चासी, तिच्यावर केबिन वेगळं आणि हौदा वेगळा. दोघांमध्ये हात जाईल एवढी फट असते, कारण भरलेली गाडी खड्ड्यातून जाताना चासी पिळवटते आणि केबिन-हौद्याला आपापलं हलू द्यावं लागतं. माल पेलते ती चासी, खालचे पाटे आणि आस. बोनेट, मडगार्ड, दरवाजाचा बाहेरचा पत्रा ही सगळी वरची कातडी आहे. कातडीवर टिचकी मारून हाडांची परीक्षा होत नाही.

मग तक्रारीतला खरा भाग कोणता? तो हौद्यात आहे.

पहाटे यार्डात कधी उभे राहा. नारायणगावहून आलेल्या टोमॅटोच्या क्रेट उतरत असतात, एकेक वीस किलोची. हमालाला घाई असते. क्रेट उचलून ठेवली जात नाही, ओढली जाते. हौद्याच्या तळाच्या नाळीदार पत्र्यावरून दिवसाला शेकडो वेळा असं घासलं जातं. आधी रंग जातो, त्याखालचा गंजरोधक थर जातो, आणि मग पावसाळा येतो. आमच्या मासळीच्या गाडीत याहून वाईट होतं. कोकणातून निघालेली गाडी गणेश पेठेतल्या मासळी बाजारात पोहोचेपर्यंत बर्फ वितळून खारं पाणी हौद्याच्या सांध्यांमध्ये मुरलेलं असतं. वरून पाइप लावून धुतलं तरी दोन पत्रे एकावर एक येतात तिथलं मीठ निघत नाही. गंज तिथूनच लागतो.

आणि गंजाला पोलादाच्या ताकदीशी देणंघेणं नसतं, त्याला फक्त जाडी खायची असते. पातळ पत्र्याच्या बाजूनं वर जे काही मी लिहिलं, ते सगळं इथे संपतं. पत्रा कितीही ताकदीचा असला तरी ०.७ मिलिमीटरच्या पत्र्याला भोक पडायला १.२ मिलिमीटरच्या पत्र्यापेक्षा कमी पावसाळे लागतात. वाचवू शकतो तो जस्ताचा थर आणि कारखान्यात अख्खी बॉडी टाकीत बुडवून विजेच्या साहाय्यानं चढवलेला अस्तराचा रंग. आमच्या एका गाडीचा हौदा तिसऱ्या पावसाळ्यात खालून फुटला. तळ चाचपला तर बोट आरपार गेलं. विक्रेत्याकडे गेलो तेव्हा उत्तर मिळालं, ‘हा वापराचा भाग आहे, वॉरंटीत येत नाही.’ कागद उलटसुलट वाचले. हौद्याचा पत्रा किती जाडीचा, त्यावर जस्त आहे की नाही, गंजून भोक पडलं तर किती महिन्यांपर्यंत कंपनी जबाबदार, यातलं एक अक्षरही कुठे नव्हतं. इंजिनाची अश्वशक्ती ठळक छापलेली होती. ज्या हौद्यावर आमचं पोट चालतं, त्याच्याबद्दल माहितीपत्रकात फक्त लांबी आणि रुंदी.

मग लोक आपल्या परीनं उपाय करतात. तीन मिलिमीटरची चेकर्ड प्लेट तळाला ठोकून घेतात, बाजूंना अँगल मारतात. मीही मारले. आठ फूट बाय साडेपाच फुटांच्या हौद्याला अशी प्लेट टाकली की सुमारे शंभर किलो वजन वाढतं. म्हणजे प्रत्येक फेरीला टोमॅटोच्या पाच क्रेट कमी, नाहीतर परवानगीपेक्षा शंभर किलो जास्त. कारखान्यानं जे काम योग्य पोलाद, योग्य थर आणि योग्य आकार देऊन थोडक्या वजनात करायला हवं होतं, ते आम्ही रस्त्याकडेच्या वेल्डरकडून शंभर किलो लोखंडात करून घेतो आणि त्या लोखंडाचं डिझेल गाडीच्या आयुष्यभर भरतो.

अमेरिकेत पिकअप हे घरोघरचं वाहन आहे आणि तिथे पत्र्यावरून मोठं युद्धच झालं. फोर्डनं २०१५ च्या एफ-१५० ची बॉडी पोलादाऐवजी ॲल्युमिनियमची केली आणि वजन जवळपास ३०० किलोपर्यंत कमी केलं. ॲल्युमिनियमचा ताठपणा पोलादाच्या एक तृतीयांश आणि घनताही तितकीच कमी, म्हणून पत्रा जाड ठेवूनही गाडी हलकी होते. त्यावर शेवरलेनं २०१६ मध्ये जाहिरात केली. दोन्ही गाड्यांच्या हौद्यात बांधकामाचे ठोकळे वरून ओतले. पोलादी हौद्याला पोचे आले, ॲल्युमिनियमचा हौदा फाटला. आपल्या आवारातली टकटक त्यांनी मोठ्या पडद्यावर नेली इतकंच.

जाहिरातीत न आलेला भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तिथल्या विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या रस्ता सुरक्षा संस्थेनं त्याच २०१५ च्या एफ-१५० च्या दोन केबिनची टक्कर घडवून आणली. धडक गाडीच्या पुढच्या एका कोपऱ्यावर बसते अशी ती कठीण चाचणी. मोठ्या केबिनची गाडी उत्तम ठरली, मधल्या केबिनची काठावर. दोन्हींचं ॲल्युमिनियम तेच, पत्रा तोच. फरक होता तो पुढच्या चाकाजवळ चासीला लावलेल्या धातूच्या छोट्या अडथळ्यांचा, जे चाकाला केबिनमध्ये घुसू देत नाहीत. मोठ्या केबिनच्या गाडीला ते होते, दुसरीला नव्हते. कुणी बोनेटवर कितीही टिचक्या मारल्या असत्या तरी हा फरक कळला नसता. त्याच संस्थेनं कमी वेगाच्या धडकांत असंही मोजलं की ॲल्युमिनियमची गाडी दुरुस्त करायला आधीच्या पोलादी गाडीपेक्षा २६ टक्के जास्त खर्च येतो. पत्र्याची निवड तुमच्या खिशावर कुठे परिणाम करते, हे यातून दिसतं. जिवाचा निकाल दुसऱ्याच जागी लागतो.

टोयोटानं टॅकोमा या पिकअपचा हौदा २००५ पासून पोलादाऐवजी तंतूमिश्रित प्लॅस्टिकचा केला. तो गंजत नाही, त्याला पोचा पडत नाही. आमच्या मासळीच्या गाडीला तसा हौदा मिळाला तर मी आनंदानं घेईन. टेस्लाच्या सायबरट्रकचा जाड स्टेनलेस पत्रा जगभर गाजला, पण मार्च २०२५ मध्ये ४६ हजारांहून अधिक गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कारण छताच्या कडेची पट्टी चिकटवलेल्या जागेवरून सुटून रस्त्यावर पडू शकत होती. पत्रा पोलादी आणि धरून ठेवणारा डिंक कच्चा.

या सगळ्यांहून जास्त काळ माझ्या मनात घर करून राहिली ती दक्षिण आफ्रिकेतली गाडी. निसानच्या एनपी-३०० या पिकअपचं तिथलं नावच ‘हार्डबॉडी’, म्हणजे कणखर अंगाची. गाड्या आपटून सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेनं २०१८ मध्ये तिची टक्कर चाचणी घेतली. मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी तिला शून्य तारे मिळाले. केबिनचा सांगाडा कोसळला, चालकाच्या जागी ठेवलेल्या बाहुलीला जिवावर बेतेल अशा इजा मोजल्या गेल्या. पुढच्या वर्षी त्यांनी एक वेगळाच प्रयोग केला: आफ्रिकेत विकली जाणारी नवी हार्डबॉडी आणि युरोपातून घेतलेली २०१५ ची वापरलेली नवारा, दोन्ही एकाच कंपनीच्या, समोरासमोर आपटल्या. जुन्या युरोपी गाडीचा चालक बहुधा चालत बाहेर पडला असता. नव्या आफ्रिकी गाडीचा बहुधा वाचला नसता. तिकडच्या आवारातही कुणीतरी तिच्या दरवाजावर पेरं आपटून समाधानानं मान डोलावली असणार.

आता आपल्याकडे या. भारत एनकॅप १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालं. गाडी ६४ किलोमीटरच्या वेगानं अडथळ्यावर आपटायची, बाहुल्यांवरचा भार मोजायचा, तारे द्यायचे. चाचणी करणाऱ्या संस्थांमध्ये आपल्या वेताळ टेकडीवरची एआरएआय ही वाहन संशोधन संस्था आहे. पण ही व्यवस्था प्रवासी मोटारींसाठी आहे, चालक सोडून आठपर्यंत माणसं बसतील अशा. साडेतीन टनांच्या आतली मालवाहू गाडी, म्हणजे आपला छोटा हत्ती, आपली पिकअप, ज्यांना पुण्यात आजही सरसकट टेम्पो म्हणतात, ती तिच्यात नाही. चालकाची एअरबॅग जुलै २०१९ मध्ये सक्तीची झाली तीही प्रवासी मोटारींनाच. ट्रकच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला तो १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या गाड्यांना. छोट्या मालगाडीचा चालक दोन्ही याद्यांच्या मधल्या फटीत पडला आहे. मोटारवाल्याचा नियम त्याला लागत नाही, ट्रकवाल्याचाही लागत नाही.

मालवाहू केबिनसाठी मजबुतीचा एक नियम आहे, हे मान्य करायला हवं. समोरून जड लोलक आपटतात आणि आत माणूस मावेल एवढी जागा उरते का ते बघतात. पण त्याचा निकाल पास किंवा नापास, आणि तोही ग्राहकाच्या हाती येत नाही. छातीवर किती दाब आला, मांडीच्या हाडावर किती, हे त्यात मोजत नाहीत. समोर बसून चालवायच्या छोट्या गाडीत मांडीचं हाडच तर सगळ्यात पुढे असतं. आमच्या अशा एका जुन्या गाडीत चालक बसलेला असताना मी टेप धरली होती. पुढच्या पत्र्यापासून त्याच्या गुडघ्यापर्यंत दोन वीतसुद्धा भरली नाहीत. बोनेट नाही, इंजिन सीटखाली. तो पत्रा ०.७ मिलिमीटरचा आहे की १.२, याला त्या दोन वितींत काहीही अर्थ नाही. मागे आत कुठली चौकट आहे, स्टीअरिंगचा दांडा मागे सरकतो की मोडून दुमडतो, पट्टा छातीला वेळेत आवळतो की नाही, यावर तो माणूस पुन्हा चालणार की नाही हे ठरेल.

बोनेटवाल्या पिकअपला लोक पुढे लोखंडी गार्ड बसवतात, त्यामागेही हीच समजूत. धडकेचा जोर वाटेत कुठेतरी मुडपून खर्ची पडावा म्हणून पुढचा भाग मुद्दाम दुमडणारा केलेला असतो. गार्ड तो जोर थेट चासीत ढकलतो आणि समोरच्या दुचाकीस्वाराला तर सरळ चिरडतो. केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्येच अशा गार्डवर कारवाई करायला सांगितलं. ते अजून सर्रास दिसतात, कारण बंपर फुटला की दुखतं ते मालकाला, आणि ते लगेच दुखतं.

त्या दुखण्यातही तथ्य आहे. नेहमीच्या विम्यात प्लॅस्टिकच्या भागांच्या किमतीतून सरळ ५० टक्के घसारा कापतात, फायबरच्या भागांतून ३० टक्के. लोखंडी भागाला मात्र वयाप्रमाणे: पहिल्या सहा महिन्यांत काहीच नाही, दोन-तीन वर्षांच्या गाडीला १५ टक्के. कंपनीनं लोखंडी बंपर काढून प्लॅस्टिकचा दिला, वजन वाचलं, तिचा खर्च वाचला. पण यार्डाच्या फाटकात रिव्हर्स घेताना तो फुटला की निम्मे पैसे टेम्पोवाल्याचे. वस्तू बदलली तसा घसाऱ्याचा तक्ताही बदलायला हवा होता. साधा माणूस जाड पत्र्याचा हट्ट धरतो तो अडाणीपणामुळे नाही. बाकी सगळीकडून तो उघडा पडला आहे आणि पत्रा ही एकच गोष्ट त्याला स्वतःच्या हातानं तपासता येते.

‘टेम्पोला तारे लावायला गेलात तर गाडी महाग होईल, गरिबाला परवडणार नाही,’ असं मला ओळखीच्या एका विक्रेत्यानं ऐकवलं. हेच मोटारींबद्दलही म्हणत होते. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपनं भारतात विकल्या जाणाऱ्या पाच मोटारी आपटून दाखवल्या आणि पाचही शून्यावर आल्या. पाच वर्षंही झाली नाहीत, तोवर २०१८ च्या डिसेंबरमध्ये आपल्याच जिल्ह्यात, रांजणगावात बनणाऱ्या नेक्सॉननं पाच तारे मिळवले. आज मोटार घेणारं मध्यमवर्गीय कुटुंब शोरूममध्ये मायलेजच्या बरोबरीनं तारे विचारतं. भारत एनकॅपची चाचणी ऐच्छिकच आहे, सक्ती कुणावर नाही. निकाल लोकांसमोर आला एवढ्यानंच हे घडलं. तंत्र जवळ आहे, कारखाने जवळ आहेत, चाचणी करणारी संस्था पौड रोडवरून दिसणाऱ्या टेकडीवर आहे. छोट्या हत्तीचं उत्पादन २००५ मध्ये सुरू झालं तेही याच शहरात. ऑस्ट्रेलियात पिकअपला नेहमी तारे दिले जातात आणि तिथले शेतकरी, सुतार, प्लंबर ते बघून गाडी घेतात. आपला चालक त्यांच्यापेक्षा कमी किमतीचा आहे का?

नव्या कात्रज बोगद्यातून उतरताना नवले पुलाकडे उतार लागतो. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका अवजड वाहनानं तिथे अनेक गाड्यांना धडक दिली. आमच्या मासळीच्या गाडीचा चालक आठवड्यातून अनेकदा त्याच उतारावरून पहाटे येतो, मागे अवजड गाड्यांची रांग घेऊन. त्याचं वय बावन्न. तो गाडी निवडत नाही, गाडी मी निवडतो. तो दिलेल्या केबिनमध्ये बसतो. म्हणून ही मागणी चालकांनी करायची वाट न बघता मालकांनी करायला हवी.

आमची एक पिकअप पुढच्या वर्षी बदलायची आहे. या वेळी शोरूममध्ये मी बोनेट वाजवणार नाही. लेखी विचारणार आहे: हौद्याच्या तळाचा आणि बाजूंचा पत्रा किती मिलिमीटरचा, त्यावर जस्ताचा थर आहे का, गंजून भोक पडल्यास किती वर्षं तुम्ही जबाबदार. आणि ६४ च्या वेगानं ही गाडी आपटली तर चालकाचं काय होतं हे तुमच्या कंपनीनं मोजलं आहे का, मोजलं असेल तर तो आकडा द्या. एकट्याच्या कागदाला उत्तर मिळणार नाही, याची मला कल्पना आहे. मार्केट यार्डात, चाकणच्या बाजारात, मंचर-नारायणगावच्या पट्ट्यात रोज हजारो टेम्पो उभे असतात. तिथल्या वाहतूकदार संघटना भाडेवाढीसाठी एका दिवसात एकत्र येतात. त्यांनी हाच कागद आपल्या शिक्क्यानिशी कंपन्यांना आणि परिवहन मंत्रालयाला पाठवावा, खाली सह्या मालकांच्या आणि चालकांच्या, शेजारी शेजारी. मसुदा मी लिहून ठेवला आहे.